शेवटच्या अंकाची जबाबदारी

अकरावीच्या प्रॅक्टिकलला साधा लंबक असतो. दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच आणि शेवटी जर्नलमध्ये गुरुत्वत्वरणाची किंमत. आमच्या बॅचमध्ये कुणाचा दोरा स्टँडच्या कडेला घासत होता, कुणाचं स्टॉपवॉच अडकत होतं, एकाचा गोळा तर पुढेमागे जायचं सोडून प्रदक्षिणा घालत होता. उत्तर मात्र बहुतेकांचं ९.८१. ते कसं जमवायचं, ही विद्या मागच्या बॅचकडून तोंडी मिळायची: आधी उत्तर लिहायचं, मग उलट गणित करून रीडिंग बसवायची. या लबाडीत आमचीच फसगत होती, हे कळायला बरीच वर्षं गेली. ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग ही लंडन-पॅरिसकडची किंमत आहे. विषुववृत्तावर ती ९.७८ च्या आसपास असते, ध्रुवांवर ९.८३ आणि मुंबईत ९.७९ च्या जवळ. तेव्हा ज्या कुणाचं उत्तर प्रामाणिकपणे ९.७९ आलं असेल, त्यानेही ते खोडून 'सुधारलं' असणार.

आता तोच प्रयोग सरळ मनाने करू. लंबकाची लांबी १.००० मीटर, वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद. कॅल्क्युलेटर म्हणतो ९.७७१६४३, आणि त्यापुढे पडद्यावर मावतील तितके अंक. यातले किती जर्नलमध्ये लिहायचे? बटण दाबणाऱ्या अंगठ्याची चूक दोन दशांश सेकंदांची तरी असतेच. म्हणजे वेळेत अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग, म्हणून उत्तरात एक टक्का. लांबीतल्या एखाद्या मिलिमीटरचा त्यापुढे पाड लागत नाही. तेव्हा उत्तर ९.८ ± ०.१. यात लंडनही बसतं आणि मुंबईही. दोन्हींतला फरक दिसायलाच हवा असेल, तर दोनेकशे आंदोलनं मोजावी लागतील आणि लांबी मिलिमीटरच्याही आत पकडावी लागेल. वीस आंदोलनांवर ९.८१ लिहिणारा विद्यार्थी खोटं बोलत होता, पण ९.७७ लिहिणाराही पुरतं खरं बोलत नव्हता.

सार्थ अंकांचा सगळा प्रश्न एवढाच. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. मापात जी खात्री नव्हती, ती गुणाकार-भागाकार करून निर्माण होत नाही, मग कॅल्क्युलेटर कितीही अंकी असो.

बोलताना आपण हे आपोआप पाळतो. लग्नाला 'शंभरेक' माणसं होती म्हणणारा आणि 'एकशे तीन पानं उठली' म्हणणारा, यांची माहिती वेगळ्या जातीची आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. 'पावणेपाचला ये' या निरोपाचं लघुतम माप पंधरा मिनिटांचं. 'आठ बाराची फास्ट' म्हटलं की एका मिनिटाचं. सुतार 'दोन सूत कमी कर' म्हणतो तेव्हा तो मायक्रॉनची भाषा करत नसतो, आणि कुणी त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवत नाही. भाषेने हा विवेक अंकांच्या शेपटीला बांधून ठेवलाय. तो सुटतो आकडा कागदावर उतरला की, आणि एककं बदलताना तर हमखास. तापाची 'नॉर्मल' ९८.६ ही रेष त्याचा घरगुती नमुना. कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये निरोगी शरीराचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस दिलं. त्याला नऊने गुणून पाचाने भागलं आणि ३२ मिळवले की ९८.६ येतात. तो दशांशानंतरचा सहा कुणाच्या काखेत सापडलेला नाही. तो गुणाकारातून पडला. पण त्याच्या जोरावर ९८.९ ला 'थोडी कणकण आहे' म्हणून शाळा बुडवलेली पोरं घरोघरी सापडतील.

नियम थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते प्रत्येक पुस्तकात आहेत आणि घोकूनही विसरले जातात. शून्येतर अंक सगळे सार्थ. दोन अंकांमधलं शून्य सार्थ. ०.००४५ मधली पुढची शून्यं नुसती जागा धरणारी, ४.५० मधलं शेवटचं शून्य मात्र मुद्दाम मोजून लिहिलेलं. ४५०० मधली दोन शून्यं सार्थ आहेत की नाहीत, हे आकड्याकडे बघून ठरत नाही, म्हणून ४.५ किंवा ४.५०० गुणिले दहाचा तिसरा घात असं लिहायचं. गुणाकारात सर्वांत कमी सार्थ अंकांचा मान राखायचा, बेरजेत सर्वांत कमी दशांश स्थळांचा. नेमका पाचवर प्रसंग आला तर आधीचा अंक सम ठेवायचा, म्हणजे २.७४५ चे २.७४ आणि २.७३५ चेही २.७४, एनसीईआरटीचं पुस्तक हेच शिकवतं. आकडे राउंड ऑफ कसे करावेत यावर भारतीय मानकही आहे, आणि त्याचा क्रमांक २ आहे. देशाने मानकं लिहायला घेतल्यावर इतक्या लवकर हा विषय यावा, याचं मला कौतुक वाटतं.

हे नियम म्हणजे अनिश्चिततेची लघुलिपी. लघुलिपीत लिहिताना जसं काही गळतं तसं इथेही गळतं. वरच्याच प्रयोगात ४०.२ चे सार्थ अंक तीन आणि लांबीचे चार, म्हणून नियमाने उत्तर तीन अंकी: ९.७७. पण अनिश्चितता काढली तेव्हा दशांशाचा पहिला अंकच डळमळीत निघाला. नियम शेवटच्या अंकात साधारण एकाची शंका गृहीत धरतो. आपल्या अंगठ्याची शंका दोनाची होती, आणि वर्गाने ती आणखी दुप्पट केली. दुसरं, ९.९ आणि १.१ दोन्ही 'दोन सार्थ अंकी', पण शेवटच्या अंकातली अर्ध्याची शंका पहिल्यात अर्धा टक्का होते आणि दुसऱ्यात साडेचार. आणि वजाबाकी तर साफ बुडवते. वाटीसकट २५.४३ ग्रॅम, रिकामी वाटी २५.३८, फरक ०.०५. चार-चार अंकांची दोन उत्तम मापं, हाती आला एक अंक, तोही शंकास्पद. पायरीपायरीला राउंड ऑफ करणाऱ्यांचं आणखी वेगळं नुकसान होतं. मधल्या पायऱ्यांत एक-दोन अंक हातचे राखावेत आणि कात्री शेवटी चालवावी.

जुन्या साधनांना ही शिस्त अंगचीच होती. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला आजही लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. पोरं त्यावर वैतागतात. पण चार अंकी लॉग टेबल वापरणाऱ्याला पाचवा अंक लिहायचा मोहच होत नाही, कारण तो तिथे छापलेलाच नाही. कॅल्क्युलेटरने आकडेमोडीची किंमत शून्यावर आणली आणि जादा अंक फुकट झाले. फुकटची वस्तू घरात साठतेच. यंत्राचे अंक भरपूर असले तरी अमर्याद नसतात, ही त्याची उलट बाजू. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेला इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ एक दशांश सेकंदाच्या टप्प्यांनी वेळ मोजत होतं. एक दशांश द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही, त्याची शेपूट कापावी लागते. शंभर तास सलग चालल्यावर कापलेल्या शेपटांची बेरीज सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली होती, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं.

लघुलिपी सोडून पूर्ण लिपीत लिहायचं तर प्रत्येक मापापुढे ± लावायचं आणि त्या शंका गणितातून पुढे न्यायच्या. त्या एकत्र कशा करायच्या यावरही दोन पंथ आहेत. अकरावीच्या पुस्तकात टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज असते: तीन टक्के आणि चार टक्के मिळून सात. ही वाईटात वाईट परिस्थिती, जणू दोन्ही चुका संगनमत करून एकाच बाजूला ओढतायत. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर त्या कधी एकमेकींना खातातही, म्हणून बी.एस्सी.ला गेल्यावर वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायला शिकवतात आणि तीन व चारचे पाच होतात. काटकोन त्रिकोणातला पायथागोरस इथे भेटतो तो योगायोगाने नाही. स्वतंत्र शंका एकमेकींना लंब असतात असंच म्हणा ना. यामागचं गणित लजांद्र आणि गाउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, ग्रह-धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या निमित्ताने उभं केलं.

या हिशोबाचा खरा उपयोग उत्तराला शेपूट जोडण्यापुरता नाही. कष्ट आणि पैसा कुठे घालायचा हे तो सांगतो. तारेचा यंग गुणांक काढायचा आहे. तारेची लांबी दोन मीटर, त्यात मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धा दशांश टक्का. व्यास अर्धा मिलिमीटर, स्क्रू गेजचं लघुतम माप एक शतांश मिलिमीटर, म्हणजे दोन टक्के; सूत्रात व्यासाचा वर्ग, म्हणजे चार. विद्यार्थी मात्र अर्धा तास लांबी पुन्हापुन्हा मोजण्यात घालवतात आणि व्यास एकाच जागी, एकदाच, घाईत घेतात.

आणि तरीही ± पुरत नाही. याला एव्हरेस्टच्या उंचीइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

ब्रिटिश सर्वेक्षकांनी 'शिखर क्रमांक १५' ची उंची १८५६ मध्ये जाहीर केली: २९,००२ फूट. राधानाथ सिकदार यांचं नाव या आकडेमोडीशी जोडलं जातं, तेव्हा 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या हुद्द्याचं नाव होतं. पुढे एक किस्सा रूढ झाला. उत्तर नेमकं २९,००० आलं होतं, पण तीन शून्यं पाहून लोक अंदाजपंचे समजतील म्हणून सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी दोन फूट वाढवले. एव्हरेस्टच्या माथ्यावर पहिल्यांदा दोन 'फूट' ठेवणारा माणूस तोच, असा इंग्रजी श्लेषही त्यावर आहे. सार्थ शून्यांच्या धड्यासाठी किस्सा इतका चपखल आहे की तो खरा असावा असं वाटतं. पण सहा निरीक्षण केंद्रांवरून निघालेल्या उंच्या उपलब्ध आहेत. सर्वांत कमी २८,९९०.४ फूट, सर्वांत जास्त २९,०२६.१, आणि सहांची सरासरी २९,००२.३. दोन फूट कुणाला वाढवायची गरजच नव्हती.

माझं लक्ष मात्र त्या दोन टोकांतल्या ३६ फुटांकडे जातं. आजच्या पद्धतीने या सहा आकड्यांवरून सरासरीची अनिश्चितता काढली तर ती पाचेक फूट येते. म्हणजे आजचा विद्यार्थी २९,००२ ± ५ लिहील आणि परीक्षक खूश होईल. विसाव्या शतकाच्या मध्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाने ८,८४८ मीटर ही उंची काढली, आणि २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर जाहीर केली. फुटांत ती साधारण २९,०३२. म्हणजे जुन्या उत्तरात तीस फुटांची खोट होती, आणि आपला ± पाच फुटांवर निर्धास्त होता. कारण सहाही निरीक्षणं एकाच बाजूने, बिहारच्या मैदानातून, शंभराहून जास्त मैलांवरून केलेली. इतक्या लांबून येणारा प्रकाशकिरण हवेत वाकतो. त्यासाठीची दुरुस्ती सहाही ठिकाणी एकाच समजुतीने केलेली. हिमालयाच्या वस्तुमानामुळे ओळंबा तिरपा होतो आणि 'समुद्रसपाटी' डोंगराखाली नेमकी कुठून धरायची हाही घोळ. सहाऐवजी साठ केंद्रं घेतली असती, तर पाच फुटांची अनिश्चितता दीड फुटावर आली असती, आणि चूक होती तिथेच राहिली असती. यादृच्छिक त्रुटी मोजणी वाढवून झिजते. पद्धतशीर त्रुटी झिजत नाही.

हाच प्रकार पुढे वारंवार झाला, आणि मोठ्यामोठ्यांच्या बाबतीत. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा प्रभार काढला. १९२४ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी दिलेल्या आकड्याचं आजच्या एककांत रूपांतर केलं तर तो १.५९२४ ± ०.००१७ (गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, कूलॉम) असा होतो. आज मान्य किंमत १.६०२२ आहे. फरक त्यांच्या अनिश्चिततेच्या पाच-सहा पट. थेंबांनी दगा दिला नव्हता. हवेच्या विष्यंदितेसाठी घेतलेला आकडाच किंचित चुकीचा होता. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात याच्या पुढची गोष्ट सांगितली. मिलिकननंतरच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आली नाहीत, थोडी थोडी वर सरकत गेली. उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की माणूस आपली चूक शोधत बसे. जवळ आलं की शोध थांबे. फाइनमन हे ऐकवत होते तेव्हा आमच्यासारख्या अनेक बॅचेस आपापल्या प्रयोगशाळांत ९.८१ जमवत होत्या. फरक इतकाच की ते शास्त्रज्ञ लबाडी करत नव्हते. त्यांना कळतही नव्हतं.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये ऑपेरा प्रयोगाने उलट टोक दाखवलं. सर्नहून ७३० किलोमीटर दूर इटलीतल्या ग्रान सासो इथे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा साठ नॅनोसेकंद आधी पोचताना दिसले. यादृच्छिक त्रुटी सुमारे सात नॅनोसेकंद, पद्धतशीर त्रुटीही तितकीच. म्हणजे निकाल शंकेच्या सहापट. नंतर एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नाही असं निघालं. सात नॅनोसेकंदांत त्या केबलचा वाटा शून्य धरला होता, कारण ती सैल असेल हे कुणाच्या यादीतच नव्हतं. मी मात्र त्यांना दोष देत नाही. त्यांनी आकडा दडवला नाही, जगापुढे ठेवला आणि चूक शोधायला बोलावलं. मिलिकननंतरच्या मंडळींपेक्षा हे निरोगी होतं.

अशाच अनुभवांतून, ऑपेराच्याही आधी, १९९३ मध्ये मापनातील अनिश्चिततेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका निघाली. तिने 'त्रुटी' आणि 'अनिश्चितता' हे शब्द वेगळे केले. त्रुटी म्हणजे खऱ्या किमतीपासूनचं अंतर, आणि खरी किंमत आपल्याला माहीत नसते. अनिश्चितता म्हणजे आपल्या ज्ञानाची सैल बाजू, तिचा अंदाज करता येतो. मग वारंवार मोजून मिळणारी ती एक प्रकारची, आणि उपकरणाचं प्रमाणपत्र, जुना अनुभव, पुस्तकातली माहिती यांवरून ठरवलेली दुसऱ्या प्रकारची. दोन्ही एकाच मापाने जोडायच्या. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत हे रोजचं आहे. कॅलिब्रेशनहून परत आलेल्या मायक्रोमीटरच्या प्रमाणपत्रावर विस्तारित अनिश्चितता छापलेली असते आणि तिच्यापुढे दोनचा गुणक, म्हणजे साधारण ९५ टक्के भरवसा. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स वेगळा, मोजण्यातली अनिश्चितता वेगळी, हे तिथल्या क्वालिटी विभागातला डिप्लोमाधारक मुलगा झोपेतही सांगेल. बारावीत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला ते सांगता येईलच असं नाही.

भौतिकशास्त्राच्या वरच्या टोकाला सगळं कंसात लिहितात. इलेक्ट्रॉनचा चुंबकीय आघूर्ण, त्याच्या नैसर्गिक एककात, २०२३ च्या मोजणीनुसार १.००११५९६५२१८०५९(१३) आहे: शेवटच्या दोन अंकांत तेराची शंका, बाकीचे पक्के. त्याच विज्ञानात न्यूटनचा गुरुत्वस्थिरांक ६.६७४३०(१५) एवढ्यावर अडकलाय. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ मध्ये पीळदार तारेच्या तराजूने याच प्रश्नाला हात घातला होता. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट, असं त्यांनी छापलं. त्यांच्याच नोंदींची सरासरी ५.४४८ येते, हे फ्रान्सिस बेली यांच्या १८२१ मध्ये लक्षात आलं. आयुष्यभराच्या काटेकोरपणानंतर साधी बेरीज चुकली होती. आज या स्थिरांकाची अडचण बेरजेची नाही. उत्तमोत्तम प्रयोगशाळांची उत्तरं एकमेकांच्या ± मध्ये बसत नाहीत, म्हणून २०१८ ची शिफारस करताना सगळ्यांच्या अनिश्चितता जवळजवळ चौपट फुगवाव्या लागल्या. दुसरीकडे प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार यांना २० मे २०१९ पासून अनिश्चितताच नाही. ती नाहीशी झालेली नाही. किमती ठरवून टाकल्या आणि शंका किलोग्रॅम प्रत्यक्षात उतरवण्याच्या कामाकडे सरकवली.

दोन मापं जुळत नाहीत म्हणजे काय, हा प्रश्न आज दोन ठिकाणी ऐरणीवर आहे. डब्ल्यू बोसॉनच्या वस्तुमानाबाबत फर्मीलॅबच्या सीडीएफ गटाने २०२२ मध्ये ८०,४३३.५ ± ९.४ हा आकडा दिला, सिद्धांत सांगतो ८०,३५७ ± ६ (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये). नवं भौतिकशास्त्र सापडलं अशी कुजबुज झाली. मग २०२४ मध्ये सर्नच्या सीएमएस प्रयोगाने, ज्यात मुंबईची टीआयएफआर सहभागी आहे, ८०,३६०.२ ± ९.९ हा निकाल दिला. तो सिद्धांताशी जुळतो. दोन्ही गटांचे ± जवळजवळ सारखे, दोन्ही वर्षानुवर्षांच्या कामाचे, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असणं कठीण.

दुसरं ठिकाण विश्वाच्या प्रसरणाचं. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये प्रसरणाचा दर सुमारे ५०० सांगितला होता (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापार्सेकला). शतकाच्या उत्तरार्धात खगोलशास्त्रज्ञांपैकी सँडेज ५० म्हणत, द व्होकुलर १००, आणि दोघेही दहा-पंधरा टक्क्यांच्या आतल्या खात्रीने. आज विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून प्लांक उपग्रहाचा आकडा ६७.४ ± ०.५ आहे, आणि तारे व अधिनवतारे यांच्या शिडीने अंतरं मोजणाऱ्या अॅडम रीस यांच्या गटाचा ७३.०४ ± १.०४. जेम्स वेब दुर्बिणीने शिडीची एक पायरी पुन्हा तपासली. ती ढिली नव्हती. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाची उत्तरं मात्र सत्तरीच्या आसपास, दोघांच्या मध्ये पडतात. विश्वाचं वय १३.७९ अब्ज वर्षं, दोन कोटी वर्षं इकडे-तिकडे, असं आपण छापतो. ते दोन कोटी प्लांकच्या बाजूचे आहेत, आणि विश्वाचं आपलं मॉडेल बरोबर आहे असं धरून काढलेले. ते धरण्यातली शंका त्यात मिळवलेली नाही.